मणिबेलीचा जाहीरनामा : नर्मदा आंदोलनाची माणसे आणि मोहिमा

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली मोठी मशीद आहे. तिच्याशी निगडित असलेला विस्तीर्ण हौद ऐन उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की नगरजनांना आधार देत असे, अशी नोंद इतिहासकार खाफीखान याने केली आहे. या शहराची जुनी जलव्यवस्था डोंगरउतारावरचे पाझर भूमिगत नहरींनी गावात आणण्यावर उभी होती आणि तिचा पाया सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने घातला. आज शहराची तहान भागते ती पैठणच्या जायकवाडी धरणावर. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील अनेक गावे त्याच्या नाथसागर जलाशयाखाली गेली. नहरीच्या पाण्यासाठी गावेच्या गावे उठवावी लागली नव्हती. धरणाच्या पाण्यासाठी ती लागली. एकाच्या नळाला येणाऱ्या पाण्याची किंमत दुसऱ्याने किती मोजावी आणि ती कोणी ठरवावी, हा प्रश्न गोदावरीकाठी स्थानिकच राहिला. नर्मदाकाठच्या सातपुड्यातून मात्र तो वॉशिंग्टन, टोकियो आणि लंडनपर्यंत पोहोचला.

नर्मदा बचाओ आंदोलन हे त्या प्रवासाचे नाव. महाराष्ट्राला धरणविरोध नवा नव्हता. १९२१ साली टाटा कंपनीच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पुढे बाबा आढाव आदींनी धरणग्रस्तांची संघटना बांधली आणि १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. मुळशीचा वाद जमीनमालक, कंपनी आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला होता. धरणग्रस्तांच्या चळवळीचे म्हणणे साधारणतः ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ एवढे होते. नर्मदेच्या आंदोलनाने त्यापुढे जाऊन धरण हवेच कशाला, त्याचा लाभ कोणाला आणि त्याला पैसा कोण पुरवतो, असे तीन प्रश्न एकदम विचारले. त्यांतला तिसरा प्रश्न या चळवळीला आंतरराष्ट्रीय करून गेला.

प्रकल्पाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन भडोचपाशी खंबायतच्या आखाताला मिळते. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी गुजरातेत नवागाम येथे धरणाची, म्हणजे पुढच्या सरदार सरोवराची, कोनशिला बसवली. राज्याराज्यांत पाण्याचा तंटा उभा राहिल्याने १९६९ साली लवाद नेमण्यात आला आणि त्याचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली. २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातेला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा पडला. विजेत महाराष्ट्राचा हिस्सा २७ टक्के ठरला. निवाड्यातील एक तरतूद त्या काळाच्या मानाने फारच पुढची होती : ज्या खातेदाराची चतुर्थांशाहून अधिक जमीन बुडेल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही किमान २ हेक्टर, आणि तीसुद्धा पाणी चढण्यापूर्वी. पुढे आंदोलनाने सरकारला जे शस्त्र सर्वांत जास्त वेळा दाखवले ते हेच, सरकारच्याच लवादाने घडवलेले.

महाराष्ट्राची नर्मदा जेमतेम ५४ किलोमीटरची, राज्याच्या सीमेवरून वाहणारी. तिच्या काठी अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, या तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बुडीत क्षेत्रात आली. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. परिक्रमावासी या मुलखाला शूलपाणीची झाडी म्हणून ओळखत आणि येथून जाताना अंगावरचे वस्त्र राहील याची खात्री नाही, असे एकमेकांना सांगत. डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, सागाच्या खांबांवर उभी घरे, मोसमी शेती, नदीतली मासळी आणि जंगलातला डिंक, मोह, चारोळी यांवर चालणारे भिल्ल, पावरा, तडवी यांचे हे जग. बहुतेकांची शेती महसुली दप्तरात वनजमिनीवरचे अतिक्रमण म्हणून लागलेली होती. सातबारा नाही म्हणून खातेदार नाही, आणि खातेदार नाही म्हणून लवादाच्या २ हेक्टरांचा हक्क नाही, अशी ही गाठ होती. मोजणीवाल्यांनी पाण्याची पातळी दाखवणारे दगड रोवले, तेव्हा कुठे अनेक पाड्यांना धरणाची वार्ता कळली. त्या दगडाच्या खालची बाजू बुडणार, एवढेच त्यांना सांगण्यात आले.

मेधा पाटकर १९८५ साली या खोऱ्यात आल्या. १ डिसेंबर १९५४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचे शिक्षण झाले. पायी पाडे पालथे घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम माहिती मागायला आरंभ केला. कोणते गाव किती बुडणार, किती माणसे उठणार, जमीन कोठे दिली जाणार, यांची उत्तरे कागदावर नव्हती. १९८६ साली महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली. याच परिसरात विधिज्ञ वसुधा धागमवार यांनी त्याआधीपासून आदिवासींच्या जमिनींच्या हक्कांचे काम केले होते. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारने भूमिहीन व अतिक्रमणदार यांनाही २ हेक्टर जमीन देण्याचे धोरण जाहीर केले आणि येथे वाट दुभंगली. गुजरातेतील आर्च-वाहिनी या संघटनेने ते मान्य करून पुनर्वसन नीट होते की नाही यावर लक्ष ठेवायचे ठरवले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील संघटनांनी मात्र जमीनच उपलब्ध नाही असा निष्कर्ष काढला आणि ऑगस्ट १९८८ मध्ये धरणालाच संपूर्ण विरोध जाहीर केला. या फुटीला फितुरी म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतात. माझ्या मते ती दोन प्रामाणिक अंदाजांतली तफावत होती.

आंदोलनातील माणसांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला अर्थातच खोऱ्यातला. मणिबेलीचे नारायणभाई तडवी, निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे, पैलतीरावरच्या जलसिंधीचे बावा महालिया ही नावे वृत्तपत्रांत क्वचितच मथळ्यात आली, पण निर्णय त्यांच्या ओट्यावर होत. बावा महालिया यांनी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांना धाडलेले पत्र आज विस्थापनाच्या अभ्यासात आधारभूत मानले जाते. जंगल हाच आपला सावकार आणि तीच आपली बँक, मग तुमच्या मोबदल्याच्या हिशेबात ते कोठे धरले आहे, असा त्याचा आशय आहे. निमगव्हाणच्या वसावे बंधूंच्या मौखिक इतिहासावर नंदिनी ओझा यांनी सिद्ध केलेले ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक मराठीत उपलब्ध आहे.

दुसरा वर्ग अभ्यासकांचा आणि त्यात मराठी माणसे ठळक दिसतात. अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी नर्मदेवरील मोठ्या धरणांचा लाभ-व्यय तपासून पाहिला. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले श्रीपाद धर्माधिकारी अभियंत्याच्या नजरेने आकडे फोडत राहिले आणि पुढे बडवानीला त्यांनी मंथन अध्ययन केंद्र उभारले. पत्रकार-कार्यकर्ते संजय संगवई यांनी खोऱ्यात राहून लढ्याची नोंद ठेवली. त्यांचा ‘द रिव्हर अँड लाइफ’ हा ग्रंथ २००० साली आला. सुहास परांजपे आणि के. जे. जॉय यांनी के. आर. दाते यांच्या विचारांच्या आधारे कमी उंचीच्या धरणाची व स्थानिक जलस्रोतांशी त्याची सांगड घालण्याची पर्यायी योजना १९९५ साली मांडली. ती ना सरकारने मनावर घेतली ना आंदोलनाने पुरती स्वीकारली. या संपूर्ण वादातील सर्वांत उपयुक्त कागद वाया गेला, असे मला वाटते.

तिसरा वर्ग बाहेरून येऊन आपले वजन आंदोलनामागे उभे करणाऱ्यांचा; त्यात एकच नाव घेतले तरी पुरे. आनंदवनाचे बाबा आमटे १९९० साली पाठीच्या दुखण्यासह नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले आणि दशकभर तेथेच राहिले. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९८९ रोजी हरसूद येथे देशभरच्या संघटनांचा जो प्रचंड मेळावा भरला, त्याने या प्रश्नाला राष्ट्रीय रूप दिले. ते हरसूद गाव २००४ साली इंदिरा सागर धरणात बुडाले.

आता आंतरराष्ट्रीय बाजूकडे वळू. तिची यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बँकेच्या सवलतीच्या कर्जनिधीत श्रीमंत देश ठरावीक वर्षांनी भर घालतात आणि त्यासाठी त्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. म्हणजे मणिबेलीला बुडवणाऱ्या पैशाची दोरी शेवटी अमेरिकी करदात्याच्या प्रतिनिधीच्या हाती होती. त्या प्रतिनिधीला मत देणारा नागरिक पर्यावरण संघटनेचा सभासद असू शकत होता. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या संघटनेच्या लोरी उडॉल यांनी ही साखळी ओळखली. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे मेधा पाटकर, गुजरातचे ज्येष्ठ वकील गिरीश पटेल आणि विजय परांजपे यांच्या साक्षी झाल्या. सातपुड्यातल्या एका गावाच्या पुनर्वसनाची चौकशी परदेशी संसदेत व्हावी, हे अनेकांना रुचले नाही आणि ‘परकीय हस्तका’चा आरोप तेव्हापासून आंदोलनाच्या पाठीस लागला तो आजतागायत सुटलेला नाही. मात्र परकीय पैशाने बांधलेल्या धरणाचा हिशेब परकीय सावकाराकडे मागण्यात विसंगती कोणती, याचे समाधानकारक उत्तर त्या आरोपात सापडत नाही.

जपानमध्ये ही मोहीम आणखी लवकर फळाला आली. धरणाच्या टर्बाइनसाठी जपानी सरकारचे अर्थसाहाय्य होते. फ्रेंड्स ऑफ द अर्थ संघटनेच्या जपानी शाखेने १९९० च्या वसंतात टोकियोत परिसंवाद भरवला, आंदोलनाच्या प्रतिनिधींना बोलावले आणि त्याच वर्षी जपानने पुढील साहाय्य थांबवले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील इंटरनॅशनल रिव्हर्स नेटवर्क जगभरच्या नद्यांवरील लढे एकमेकांना जोडत होते आणि नर्मदा हे त्यांतले प्रमुख उदाहरण झाले. १९९१ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार आंदोलनाच्या वतीने मेधा पाटकर व बाबा आमटे यांना, तर १९९२ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मेधा पाटकर यांना मिळाला.

खोऱ्यातला दबाव नसता तर परदेशातला टिकला नसता. २५ डिसेंबर १९९० रोजी बडवानीजवळच्या राजघाटावरून हजारो स्त्रीपुरुष धरणस्थळाकडे पायी निघाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे त्यांना अडवण्यात आले. पलीकडच्या बाजूला धरणाचे समर्थक जमले होते. थंडीत उघड्यावर मुक्काम पडला, हात बांधून घेऊन तुकड्या सीमा ओलांडत आणि परत ढकलल्या जात. जानेवारीत मेधा पाटकर व सहकाऱ्यांनी तीन आठवडे उपोषण केले. गुजरात सरकार हलले नाही. जागतिक बँक हलली. आपणच मंजूर केलेल्या प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करण्याचे तिने मान्य केले. बँकेच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते.

या तपासणीचे प्रमुख होते संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रशासक ब्रॅडफर्ड मोर्स. त्यांचे सहकारी थॉमस बर्जर हे कॅनडातील माजी न्यायाधीश. उत्तर कॅनडातील मॅकेन्झी खोऱ्यातून जाणाऱ्या वायुवाहिनीविषयी तेथील मूळनिवासींचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम त्यांनी सत्तरच्या दशकात केले होते. समिती पाड्यापाड्यांत गेली. धरणाच्या समर्थकांना, अधिकाऱ्यांना, विस्थापितांना भेटली. जून १९९२ मध्ये तिने साडेतीनशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. प्रकल्प ज्या रीतीने आखला गेला त्या रीतीने सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरील परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने एक पाऊल मागे घ्यावे, असा तिचा निष्कर्ष होता. सावकाराने नेमलेल्या पंचानेच सावकाराला दोष दिला.

बँकेने तरीही लगेच हात काढला नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये जगभरच्या सुमारे अडीचशे संघटनांच्या नावाने लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात झळकली. माघार घ्या, नाहीतर बँकेचाच निधी अडवू, असा तिचा रोख होता. ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा यांच्या प्रतिनिधींनी कर्ज थांबवण्याची बाजू घेतली. बहुमत झाले नाही. भारताला सहा महिन्यांची मुदत आणि अटींची यादी मिळाली. ती मुदत संपण्याच्या सुमारास, ३० मार्च १९९३ रोजी, उरलेली रक्कम आपण घेणार नाही असे भारत सरकारने स्वतःच जाहीर केले. धरणाचे काम देशी पैशावर चालूच राहिले.

त्या वर्षीचा पावसाळा मणिबेलीचा होता. धरणाच्या दिशेने महाराष्ट्रातील हे पहिले गाव, म्हणून पाणी आधी येथे चढणार. १९९१ पासून दर पावसाळ्यात येथे सत्याग्रह होत होता. ‘नर्मदाई’ नावाची झोपडी हे त्याचे ठाणे होते. ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ ही घोषणा येथली. घरे उतरवायला पोलीस बंदोबस्तात पथके येत, खांब आणि कौले ट्रकमध्ये भरली जात, आणि काही कुटुंबे तळोद्याकडच्या वसाहतीत न जाता वरच्या उतारावर नवी झोपडी बांधत. राज्य सरकारने तळोद्याचे २,७०० हेक्टर वनक्षेत्र १९९० साली पुनर्वसनासाठी मोकळे केले होते. जंगल तोडून जंगलवासीयांना वसवण्याचा हा विचित्र व्यवहार होता. १९९३ च्या ऑगस्टमध्ये आंदोलकांचा जलसमर्पणाचा निर्धार केंद्राने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर मागे घेण्यात आला. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी अक्राणी तालुक्यात चिंचखेडी येथे पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन मुलगा मारला गेला. शूलपाणेश्वराचे जुने देवालयही पुढे जलाशयात गेले.

१९९४ साली जागतिक बँकेला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने इंटरनॅशनल रिव्हर्स नेटवर्कच्या पुढाकाराने मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवावे अशी मागणी करणारा दस्तऐवज तयार झाला आणि त्याला नाव दिले गेले मणिबेली जाहीरनामा. ४४ देशांतील ३२६ संघटनांनी तो स्वीकारला. मोठ्या धरणांचा स्वतंत्र, सर्वंकष आढावा घ्यावा ही त्यातली एक मागणी होती. मार्च १९९७ मध्ये ब्राझीलमधील कुरितीबा येथे धरणग्रस्तांची पहिली जागतिक परिषद भरली. तिनेही हीच मागणी उचलली आणि १४ मार्च हा धरणविरोधी कृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. १९९८ साली दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक धरण आयोग स्थापन झाला; त्याच्या बारा सदस्यांत धरण उद्योगाचे प्रतिनिधी होते आणि मेधा पाटकरही. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनला नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत त्याचा अहवाल प्रकाशित झाला. त्याआधीच बँकेचा निधी मंजूर करताना अमेरिकी काँग्रेसने घातलेल्या अटीमुळे बँकेला १९९३ साली निरीक्षण मंडळ स्थापावे लागले. बँकेने स्वतःचे नियम मोडले तर बाधित माणसे थेट या मंडळाकडे दाद मागू शकतात, हा हक्क आज जगातल्या कोणत्याही खेड्याला आहे. आंदोलनाचे सर्वांत टिकाऊ फळ कोणते, असे विचारल्यास मी या मंडळाकडे बोट दाखवीन.

देशात मात्र निकाल उलट लागला. आंदोलनाच्या १९९४ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये काम थांबवले, १९९९ मध्ये उंची काहीशी वाढवू दिली, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक मताने बांधकामाला मुभा दिली. न्या. एस. पी. भरुचा यांचे मत वेगळे पडले. पर्यावरणाचा अभ्यास पूर्ण न होता दिलेली मंजुरी त्यांना ग्राह्य वाटली नाही. त्याआधी, १९९९ च्या पावसाळ्यात, बुडीत गावांपैकी डोमखेडीच्या सत्याग्रहाच्या झोपडीत पाणी छातीला लागेपर्यंत उभे राहिलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढले होते. २०१४ साली पूर्ण उंचीला परवानगी मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धरणाचे लोकार्पण केले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला.

आंदोलनाच्या रचनात्मक अंगाची चर्चा फार होत नाही. ‘लड़ाई पढ़ाई साथ साथ’ म्हणत नव्वदच्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी, निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू झाल्या. मुलांच्या घरच्या बोलीतून, पावरी आणि भिलोरीतून, अक्षरओळख देणारी पुस्तके तेथे तयार झाली. २००३ साली बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर केरळच्या तंत्रज्ञांच्या मदतीने आणि गावाच्या श्रमदानाने १५ किलोवॉटचे छोटे जलविद्युत केंद्र उभे राहिले. सरकारी वीज न पोहोचलेल्या पाड्यांत दिवे लागले. सरदार सरोवराच्या फुगवट्याने तेही गिळले.

दुसरी बाजू नोंदवल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ४५८ किलोमीटरच्या मुख्य कालव्याने नर्मदेचे पाणी राजस्थानच्या हद्दीपर्यंत नेले आहे, आणि सौराष्ट्र व कच्छमधील असंख्य गावांना पिण्याचे पाणी त्यातून मिळते. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. हे पाणी खोटे होते असे म्हणता येणार नाही, आणि त्यासाठी ३३ गावांना दिलेले वचन पाणी चढण्याआधी पाळले गेले असेही म्हणता येणार नाही.

पुनर्वसनाच्या कायद्याकडे पाहिले की हिशेब स्पष्ट होतो. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे आहे, आणि त्यामागे नर्मदेसारख्या लढ्यांचा मोठा वाटा आहे. पण सिंचन प्रकल्पातील विस्थापित शेतकऱ्याला त्याने दिलेला जमिनीचा हक्क लाभक्षेत्रात किमान एक एकर, तोही शक्य असेल तेथवर, एवढाच आहे; अनुसूचित जाती-जमातींसाठी गेली तेवढी जमीन किंवा अडीच एकर, यांपैकी जे कमी असेल ते. लवादाने १९७९ साली दिलेले २ हेक्टर म्हणजे जवळजवळ पाच एकर होतात.